बाळंतपणात शी झाली तर? (लाज सोडून विचारतेय)

नववा महिना
नेहमीच्या आयडीनं विचारायची हिंमत झाली नाही म्हणून हा नवा आयडी. पहिलटकरीण आहे, सदतिसावा आठवडा चालू आहे. माहेरी आलेय, चोपडा तालुक्यात.

कळांची भीती वाटतेच, पण खरं सांगू का, त्याहून जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. जोर लावताना शी होते म्हणे. लघवी होते, गॅस सुटतो. आणि समोर डॉक्टर, सिस्टर, मावशी सगळे उभे.

गेल्या रविवारी मळ्यात भरीत होतं. काकूनं हसत हसत कोणाची तरी गोष्ट सांगितली. टेबलावर चढवल्या चढवल्या एकीचं सगळं झालं आणि ती रडत रडत डॉक्टरांची माफी मागत राहिली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीपण हसले. घरी आले आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

त्यात भर म्हणजे मी जिथे नाव घातलंय तिथली सिस्टर माझी चुलत वहिनी आहे. आमच्याच गल्लीत राहते. त्या दिवशी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या काड्यांवर) भाजलेली वांगी सोलत तिथेच बसली होती, ती हसली की नाही ते बघायचं धाडस झालं नाही. तिच्यासमोर तसं काही झालं तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर माझीच गोष्ट होणार. आता ऐन वेळी जळगावला जाऊ का? की आदल्या दिवशी एरंडेल घेऊन पोट साफ करून ठेवू? दाखल झाल्यावर एनिमा मागून घेता येतो का? कृपया हसू नका.

कळण्याची भाकरी
हसत नाहीये ग. दोन लेकरं आहेत. पहिल्याच्या वेळी झाली होती असं माझ्या आईनं नंतर सांगितलं, मला पत्ताच नव्हता. दुसऱ्याच्या वेळचं आईलाही आठवत नाही.

रात्रपाळी
सतरा वर्षं लेबर रूममध्ये आहे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, आता उपजिल्हा रुग्णालयात. कुठल्या ते विचारू नका. ड्युटीवरून आत्ताच आले, चहा ठेवलाय, तोवर लिहिते.

ताई, बाळ ज्या वाटेनं येतं त्याच्या अगदी पाठीला पाठ लावून गुदाशय असतो. डोकं खाली उतरायला लागलं की ती मागची नळी चेपली जाते आणि आत जे उरलं असेल ते पुढे सरकतं. सोऱ्या दाबला की शेव पडणारच. वर आम्हीच ओरडत असतो, "संडासला लावतेस तसा जोर लाव!" कारण स्नायू तेच लागतात. आम्ही सांगतो तसा तू जोर लावला आणि शी झाली, तर त्यात तुझं काय चुकलं? उलट आम्हाला कळतं की बाई बरोबर ठिकाणी जोर लावतेय. पुष्कळ पहिलटकरणी नुसत्या किंचाळतात, गाल फुगवतात, सगळा जोर तोंडात. त्यांना खाली जोर लावायला शिकवण्यातच आमचा अर्धा घसा जातो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण मनात चित्र फार मोठं झालेलं असतं. बहुतेक वेळा लिंबाएवढीसुद्धा नसते. हातात गॉज असतोच. पुढून मागे पुसायचं, खालचं कापड ओढून घ्यायचं, दुसरं सरकवायचं. पाच-सहा सेकंद. हे करताना मी पेशंटशी तिच्या गावच्या गप्पा मारते. त्याच वेळी पाणी असतं, रक्त असतं, लघवी असते, कुणी उलटी करत असतं, कुणाचे पाय थडथड हलत असतात. आमचा एक डोळा डोक्यावर, एक कान बाळाच्या ठोक्यांवर. तुझ्या शीकडे बघायला तिसरा माणूस लागेल.

एनिमाचं म्हणशील तर मी नोकरीला लागले तेव्हा दाखल झाली की एनिमा आणि वस्तऱ्यानं सफाई हे ठरलेलंच होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांत दोन्ही सरसकट करू नका असं स्पष्ट आहे. फायदा दिसत नाही. शिवाय आमच्या बाजूनं सांगायचं तर एनिमाचं उरलेलं पाणी नेमकं जोर लावताना येतं आणि पसरतं. घट्ट असेल ते पुसायला सोपं. फार दिवसांची बद्धकोष्ठता असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर बघून ठरवतात.

आणि निसर्ग बऱ्याचदा स्वतःच सोय करतो. कळा सुरू होताना अनेकींना दोन-तीनदा पातळ होतं. गर्भाशय आवळायला लावणारी जी रसायनं शरीरात तयार होतात, तीच आतड्यालाही हलवतात.

लघवी मात्र अजिबात धरून ठेवू नकोस. मूत्राशय भरलेलं असलं की डोक्याला खाली यायला अडथळा होतो. दर दोन-तीन तासांनी जाऊन ये. होत नसेल तर नळी घालून काढतात, त्यातही लाजायचं काही नाही.

चहा उतू गेला. बाकीचं नंतर.

वरणगाव फाटा
सोऱ्याचं उदाहरण देऊन आमची आजची शेवभाजी घालवलीत ताई.

शिरपूरकर
विषय महत्त्वाचा असेल, पण असं चारचौघांत लिहायची गरज आहे का? आमच्या आईच्या पिढीनं सहा-सहा बाळंतपणं केली, कोणाला कधी असले प्रश्न पडले नाहीत.

तापीकाठ
दादा, प्रश्न पडले नाहीत की तुम्हाला सांगितले नाहीत? आईला एकदा विचारा.

गिरणेची पोर
मी सहसा फक्त वाचते, पण हे लिहिलंच पाहिजे.

माझी पहिली वेळ, सरकारी दवाखाना. पहाटे चारच्या सुमाराला मला जोरात संडासला लागल्यासारखं झालं. सिस्टर शेजारच्या टेबलवर होती. तिला हाक मारून "शी लागली" म्हणायची एवढी लाज वाटली की मी हळूच उठले, भिंतीला धरत एकटीच संडासात गेले आणि आतून कडी लावली. बसल्यावर काही होईना, नुसता जोर येत होता. आपोआप, थांबवता येईना. खाली हात लावला तर काहीतरी टणक, ओलं, केसाळ.

ते बाळाचं डोकं होतं.

कडी काढायला हात वर जाईना. आईनं बाहेरून दार वाजवलं, मी काय ओरडले आठवत नाही. मावशीनं खांद्यानं धक्का मारून दार उघडलं, मला दोघींनी उचलून नेलं, टेबलापर्यंत पोहोचले आणि दुसऱ्या मिनिटाला मुलगा. सगळं नीट झालं म्हणून आज लिहितेय. सिस्टर खूप रागावली, "हागायला लागलं तर सांगायला काय तोंड नव्हतं का" वगैरे. तिचं बोलणं लागलं, पण ती एक कोपऱ्यातली फरशी आणि ते भांडं डोळ्यासमोर आलं की आजही अंगावर काटा येतो.

तेव्हा बाई, शी लागली असं वाटलं की मोठ्यानं सांग. ती शी नसते बऱ्याचदा.

रात्रपाळी
गिरणेची पोर, हे मी लिहायला हवं होतं, राहिलं. शंभर वेळा अनुमोदन. डोकं गुदाशयावर दाबलं की मेंदूला "संडास लागली" असाच निरोप जातो. आमच्याकडे बाई म्हणाली "सिस्टर, दोन नंबरला जायचंय" की आम्ही आधी हातमोजे घालून तपासतो, मग ठरवतो. त्या सिस्टरनं बोलायला नको होतं तसं. रागावण्यामागे भीती असते, पण तरी नको.

नववा महिना
वाचून पोटात गोळा आला. बरं झालं लिहिलंत. मी नेमकं हेच केलं असतं.

एक बाप
पुरुषाचा प्रतिसाद चालेल का? आमच्याकडे खाजगी दवाखान्यात नवऱ्याला आत घेतात. मला डोक्याच्या बाजूला उभं केलं होतं, तिथून खालचं काहीच दिसत नाही. सिस्टरनं दोनदा कापड बदललं एवढंच लक्षात आहे.

माझी चूक सांगतो. ऐन कळेत बायकोचा गॅस सुटला, मोठ्यानं, आणि मला हसू आलं. घाबरल्यामुळे आलं हो, पण आलं. मुलगी आता चार वर्षांची आहे. अजूनही घरात भांडण कशावरूनही सुरू झालं तरी शेवटी गाडी त्या हसण्यावर येते. आत जाणार असाल तर नवऱ्याला आधी बजावून ठेवा.

सिझरवाली
नॉर्मलमध्ये गॅस सुटला तर लाज आणि सिझरमध्ये सुटला नाही तर चिंता! माझं सिझर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकच प्रश्न, "गॅस पास झाला का?" डॉक्टरांनी विचारलं, सिस्टरनं विचारलं, सासूबाईंनी विचारलं. सासऱ्यांनी दाराबाहेरून सासूबाईंना विचारलं. धुळ्याहून मामांचा फोन, बाळ कसंय हे नंतर, आधी "वारा सरला का?" शेवटी संध्याकाळी पाच वाजता सुटला तेव्हा समोरच्या खाटेवरच्या पेशंटच्या आईनं हात जोडले.

पोट उघडलं की आतडी काही काळ सुस्तावतात, गॅस सरला म्हणजे ती पुन्हा हलायला लागली. हल्ली बरेच डॉक्टर त्याची वाट न बघता लवकर पाणी, पेज सुरू करतात. मला चघळायला च्युइंग गम दिलं होतं. त्यानंही आतडी लवकर जागी होतात म्हणे.

कानबाईची भक्त
आजीला विचारलं. वय नव्वदीच्या आसपास, सगळी बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. तिचं उत्तर जसंच्या तसं देते: "कशाले लाजस व माय? समदास्नं असंच व्हस." मग म्हणाली, सुईण आधीच जुनं लुगडं घडी घालून खाली अंथरायची, ते कशासाठी असं तुला वाटतं?

स्त्रीरोग धुळे
थोडं डॉक्टर म्हणून.

एरंडेल घेऊ नका. आमच्या भागात नवव्या महिन्यात दुधातून एरंडेल द्यायची पद्धत अनेक घरांत आहे. त्यानं मळमळ, उलट्या, जुलाब होतात, आणि कळांत शिरायच्या आधीच बाई थकून जाते. पोट साफ राहण्यासाठी पाणी, भाजी, पेरू, पपई (पिकलेली, होय, पिकलेली चालते) आणि गरज असेल तर डॉक्टरांना विचारून इसबगोल किंवा पातळ औषध. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, शी काळी होते. ते बघून घाबरून गोळी बंद करणाऱ्या बायका रोज भेटतात. सरकारी आशाताई देतात ती लाल गोळी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायची असते, बंद करायची नसते.

वस्तरा घरी मारून येऊ नका, कातडीला बारीक चिरा पडतात. वाटलंच तर कात्रीनं केस बारीक करा, नाहीतर तसंच या.

बाळाभोवतीचं पाणी गेलं की नुसती लघवी झाली, हा गोंधळ शेवटच्या महिन्यात सगळ्यांचा होतो. शिंकेबरोबर थेंब गेला तर बहुधा लघवी. थांबवूनही थांबत नाही, बसता-उठता झिरपत राहतं, लघवीचा वास नाही, तर पाणी समजून निघा. आणि ते हिरवट किंवा तपकिरी असेल तर कळा असोत नसोत, लगेच निघा. ती बाळाची शी असते, पोटातच केलेली. संपूर्ण लेबर रूममध्ये आम्ही ज्या एकाच शीला घाबरतो ती ही.

बाळंतपणानंतर सहा तासांत लघवी झाली नाही तर सांगा. आणि काही आठवड्यांनंतरही गॅस किंवा शी धरता येत नसेल तर "बाळंतपणात असं होतंच" म्हणून घरी बसू नका. कधीकधी चीर मागच्या स्नायूपर्यंत गेलेली असते, त्यावर उपचार आहेत. बायका दोन-दोन वर्षांनी येतात, त्याही सासूच्या दुसऱ्याच आजाराच्या निमित्तानं, आणि उठता उठता हळूच विचारतात.

जळगावला जाण्याबद्दल: वहिनीमुळे ऐन वेळी दवाखाना बदलू नका. कळा आल्यावर चोपड्याहून जळगावचा रस्ता कापत बसणं हे शी होण्यापेक्षा फार वाईट.

तापीकाठ
खोकल्याबरोबर लघवी जाते त्यासाठी व्यायाम सांगा ना कुणी. माझी मुलगी दीड वर्षाची झाली, अजून आखाजीच्या झोक्यावर चढायची भीती वाटते.

रात्रपाळी
लघवी अडवताना जे स्नायू आवळतेस ते आवळायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट, मांड्या, श्वास आवळायचा नाही. कुठला स्नायू ते कळण्यापुरतं एकदा लघवी करताना अडवून बघ, पण रोज लघवीच्या वेळी व्यायाम करू नकोस. भाकरी थापताना करता येतात, कुणाला कळत नाही. तीन महिन्यांत फरक नसेल तर डॉक्टर.

नववा महिना, अजून एक. सरकारी दवाखान्यातसुद्धा २०१६ पासून सोबतीला ओळखीची एक बाई ठेवू देतात. खाजगीत तर विचारच. आईला ठेव. आणि वहिनीशी आधी बोलून घे. आम्ही लेबर रूममधलं बाहेर बोलत नाही, बोलायला वेळही नसतो. तरी मनात असेल तर तोंडावर विचार.

शिरपूरकर
आईला फोन करून विचारलं. तिनं फोन बायकोकडे द्यायला सांगितला. चाळीस मिनिटं झाली, अजून बोलतायत. माझा आक्षेप मागे घेतो.

नववा महिना
(अकरा दिवसांनी)

मुलगी झाली! गुरुवारी पहाटे. नॉर्मल. तीन टाके आहेत, बसायला उशी घेऊन टाइप करतेय.

रात्री बारा वाजता अंथरुणात ओलं लागलं. वाटलं लघवी झाली, लाजून आधी गोधडीच झाकली. मग हा धागा आठवला. उठले, पॅड लावलं, वास घेतला (हो, घेतला), दहा मिनिटांत पॅड भिजलं. पाण्यासारखं स्वच्छ होतं. आईला उठवलं. वहिनीची रात्रपाळी नव्हती, पण आईनं तिचंच दार वाजवलं आणि ती स्वेटरवरच निघाली. आईही आत होती.

साडेतीनच्या सुमाराला "शी लागली" म्हणून मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेर बाकावर बसलेल्या बाबांनी ऐकलं. वहिनीनं तपासलं आणि म्हणाली, चला, आली वेळ.

आणि झाली. मला कळलं. मी "सॉरी वहिनी" म्हणाले. ती म्हणाली, "सॉरी नंतर, जोर आत्ता." बास, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती बाळाला गुंडाळत होती तेव्हा धीर करून विचारलंच. भरीताच्या दिवशी काकू ती गोष्ट सांगत होती, तेव्हा तू हसलीस का ग? म्हणाली, "हसले की. माझीच गोष्ट होती ती. तुझ्या काकूनं नाव नाही घेतलं, उपकार केले."

सात वर्षांपूर्वीचं. ती तेव्हा आधीपासूनच नर्स होती! बाळाचा पाय लंगोटात सरकवत म्हणाली, दुसऱ्यांचं शंभरदा पुसलं होतं, तरी स्वतःची झाली तेव्हा रडू आलं.

कळण्याची भाकरी
अभिनंदन ग! दिंक-मेथीचे लाडू सुरू झाले की नाही?

एक बाप
अभिनंदन. नवऱ्याला आत घेतलं नाही हे उत्तम केलंत.

नववा महिना
नवरा नंदुरबारहून पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आता नवीन भीती. चौथा दिवस आहे, अजून शी झालेली नाही. टाके उसवतील असं वाटतं म्हणून जातच नाहीये. लाडू मात्र सगळे खायला लावतायत.

रात्रपाळी
टाके उसवत नाहीत. चार दिवस धरून ठेवलीस तर खडा होईल, मग त्रास. आज रात्री कोमट पाण्याबरोबर इसबगोल, दिवसभर पाणी, लाडू एकावर आण. डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं असेल तर ते घे, दिलं नसेल तर फोन करून मागून घे. बसताना स्वच्छ पॅड घडी करून टाक्यांवर हातानं पुढून दाबून धर, पाय छोट्या पाटावर, श्वास सोडत. कुंथायचं नाही. नंतर पुढून मागे धुणं.

नववा महिना
पाट नव्हता, बाळाच्या आंघोळीचा घेतला. दार लावलंय. आई बाहेर उभी आहे, दर मिनिटाला विचारतेय, झाली का.

सिझरवाली
आणि?

नववा महिना
झाली. आता ती मामींना फोन करून सांगतेय.